एक फूट खाली

यवतमाळला नदी येत नाही, यवतमाळहून ती निघते. नाशिकला आणि नांदेडला गोदावरी आहे, पुसदला पूस आहे, घाटंजीला वाघाडी आहे. ही वाघाडी मूळची इकडचीच, यवतमाळच्या टेकड्यांतली. पण शहराने तिच्याकडे नीट वळून पाहण्याआधीच ती घाटंजीच्या वाटेला लागलेली असते. साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीच्या पठारावर हे शहर बसलं आहे. एका अंगाचं पाणी बेंबळा नदीतून वर्धा नदीकडे जातं, दुसऱ्या अंगाचं पैनगंगेकडे, आणि या दोघी पुढे वणी तालुक्याच्या टोकाला एकमेकींना भेटतात. कवेलूच्या घराला जसं आढं असतं, तसं या जिल्ह्याच्या छपराचं आढं म्हणजे यवतमाळ. पाऊस पडतो आणि दोन्ही पाख्यांवरून ओघळून जातो.

आढ्यावर राहणाऱ्याची एक अडचण असते आणि एक सोय असते. अडचण अशी की पाणी थांबत नाही. सोय अशी की दुसऱ्या कुणाचं पाणी अंगावर येत नाही. यवतमाळने अडचण पुरेपूर भोगली आणि सोय स्वतःच्या हाताने घालवली.

२०१७ चा पाऊस दगा देऊन गेला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा धरणाचा तळ दिसला. निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर तेव्हा शहराची तहान भागत होती. त्या उन्हाळ्यात नळाला पंधरा दिवसांहून जास्त खंड पडायला लागला. ज्यांच्या घरी जुनी विहीर होती त्यांनी ती पुन्हा उपसली. त्यातून आधी कचरा निघाला, मग गाळ, मग पाणी. घराघरांत ड्रम, टाक्या, गुंड, मुलांच्या आंघोळीचे टब, जे भांडं पाणी धरेल ते भरलेलं. आणि मग २२ जुलै २०२३. एका रात्रीत असा पाऊस झाला की महागाव तालुक्यातल्या आनंदनगरच्या लोकांना वाचवायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. त्याच पावसात यवतमाळ शहरातही घराघरांत पाणी शिरलं.

आनंदनगरचं समजू शकतो. यवतमाळचं कसं समजायचं? नदीकाठच्या गावाला पूर येतो तेव्हा वरच्या शंभर गावांचं पाणी त्याच्याकडे आलेलं असतं. माथ्यावरच्या गावात शिरणारं पाणी बहुतांश त्याचंच असतं, त्याच्याच गच्च्यांवर, रस्त्यांवर आणि अंगणांत पडलेलं. तहानेचं बोट ढगाकडे दाखवता येईल. माथ्यावरच्या पुराचं बोट फिरून आपल्याकडेच येतं.

गंमत अशी की या एकाच पाण्याच्या सरकारात तीन फायली आहेत. नळाची फाइल जीवन प्राधिकरणाकडे. पुराची फाइल आपत्ती व्यवस्थापनाकडे. आणि शेताचे प्लॉट पडतात त्या ले-आऊटची फाइल नगररचना विभागाकडे. पहिल्या दोन फायलींवर लोक मोर्चे काढतात, वर्तमानपत्रं मथळे देतात, पुढारी भेटी देतात. तिसरी फाइल मुकाट्याने सरकते. माझं म्हणणं असं की पहिल्या दोन्ही फायली तिसरीच्या पोटातून जन्माला येतात.

‘शाश्वत विकास’ हा शब्द मला थोडा जड वाटतो. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने तो जगभर नेला आणि मराठीने त्यासाठी नेमका तो शब्द उचलला जो आपण आजवर आत्म्यासाठी राखून ठेवला होता. नळ, गटार आणि रस्ता यांच्याबद्दल बोलताना शाश्वताची गोष्ट करणं म्हणजे मिस्त्रीला वेदान्त विचारण्यासारखं आहे. आमच्याकडची माणसं घर बांधताना साधा प्रश्न विचारतात, “टिकते का हे?” स्लॅबबद्दल विचारतात, दाराच्या लाकडाबद्दल विचारतात, काळ्या मातीत भरलेल्या पायव्याबद्दल तर दोनदा विचारतात, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तडे देते. शहराबद्दल मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. शहर आपोआप टिकतं, असा समज आहे.

तहानेवरचा उपाय म्हणून बेंबळा पुढे आला. लाखावर वस्तीच्या शहरांसाठी केंद्राने २०१५ मध्ये अमृत योजना काढली. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ नगर परिषदेची लोकसंख्या १ लाख १६ हजारांच्या घरात होती, त्यामुळे शहर तिच्यात बसलं आणि बाभूळगाव तालुक्यातल्या बेंबळा धरणातून पाइपलाइन टाकायचं ठरलं. काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. मला दुसऱ्या दोन गोष्टी बोलायच्या आहेत, ज्यांवर फारसं कुणी लिहीत नाही.

पहिली गोष्ट उंचीची. बेंबळा खाली आहे, यवतमाळ वर आहे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला, पंपाची तूट धरून, साधारण ०.४ युनिट वीज लागते. ऐकायला थोडी वाटते. ती रोज लागते, शहर आहे तोवर लागते आणि बिल थकलं की नळ थांबतो. आकाशातून फुकट माथ्यावर पडलेलं पाणी आपण पाख्यांवरून खाली सोडून देतो आणि तेच, वीज जाळून, पुन्हा माथ्यावर आणतो. एखाद्या घरात असा कारभार चालला असता तर सासूने दुसऱ्या दिवशी किल्ल्या काढून घेतल्या असत्या.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. बेंबळा हे मुळात सिंचनाचं धरण. या जिल्ह्यातली कापसाची शेती कोरडवाहू आहे, आणि त्या कोरडेपणाची किंमत काय पडली ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. २००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं आणि त्या सहांत यवतमाळचं नाव होतं. अशा जिल्ह्याचं मुख्य शहर शेतकऱ्याच्या धरणात नळी टाकतं, तेव्हा त्याने निदान खाली बघून टाकावी. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, हे मला मान्य आहे. कूलरच्या ताट्या भिजवण्याचा आणि अंगणातले सिमेंटचे गट्टू धुण्याचा हक्कही पहिलाच आहे का, हे मात्र विचारायला हवं. शहरात आलेल्या पाण्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं पाणीपुरवठ्याच्या गणितात धरतात. ते शुद्ध करून खालच्या शेतांना परत देण्याची व्यवस्था पाइपलाइनच्या आधी व्हायला हवी होती. आपल्याकडे पाणी आणण्याचं भूमिपूजन होतं, परत करण्याचं होत नाही.

बेंबळा नको, असं मी म्हणत नाही. निळोणा आटलेलं ज्याने पाहिलं तो असं म्हणू शकत नाही. पण बेंबळ्याने शहराला तहान विसरायची सोय दिली, आणि तहान विसरलेलं शहर ले-आऊट पाडताना पाण्याचा विचार करत नाही.

ले-आऊट हा शब्द आमच्याकडे कापूस आणि तूर यांच्याइतकाच रोजचा आहे. आर्णी रोड, दारव्हा रोड, धामणगाव रोड, पांढरकवडा रोड, कुठल्याही रस्त्याने शहराबाहेर निघा. आधी कापसाची पराटी दिसते, मग पराटी उपटलेलं मोकळं वावर, मग वावरात चुन्याच्या रेघा आणि सिमेंटच्या खुंट्या, मग कमान. लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव ही कालपर्यंतची गावं अशीच शहरात आली; आधी ले-आऊट आले, नगर परिषदेची हद्द मागाहून आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुस्तकात शिकवतात की आधी विकास आराखडा होतो, त्याप्रमाणे शहर वाढतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा, आराखडा वीस वर्षांचा, त्यात शाळा, बगिचे, बाजार यांची आरक्षणं. जमीन ठरल्या मुदतीत संपादन झाली नाही तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊन आरक्षण उठवून घेतो. ज्या नगर परिषदेची पगाराची चणचण संपत नाही ती जमीन कुठून घेणार? म्हणून आराखड्यातला बगिचा कागदावर राहतो आणि ले-आऊटमधला रस्ता जमिनीवर उतरतो. शिवाय आराखडा ज्या लोकसंख्येवर बेततात ती २०११ ची. २०२१ ची जनगणना ठरल्या वर्षी झालीच नाही. मधल्या काळात शहर किती वाढलं याचा खरा हिशेब विचाराल तर तो प्लॉट विकणाऱ्यांकडे असेल.

तेव्हा यवतमाळसारख्या शहराचा खरा नगररचनाकार म्हणजे पाच एकर वावर विकणारा शेतकरी, ते घेणारा बिल्डर आणि त्यावर रेघा मारणारा ड्राफ्ट्समन, हे तिघं. पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड, सगळीकडे हेच. यांत कुणी खलनायक नाही. शेतकऱ्याला कापसाने दिलं नाही ते प्लॉटने दिलं. त्याचं मन मला कळतं.

आता नियम काय सांगतो ते पाहू. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही भाग सोडून साऱ्या राज्याला एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात पावसाचं पाणी जिरवण्याची सक्ती आहे, पण ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना. पाचशे चौरस मीटर म्हणजे जवळपास ५,४०० चौरस फूट. यवतमाळात प्लॉट घ्यायला जाणारा माणूस बाराशे, पंधराशे, फार तर दोन हजार फुटांची गोष्ट करतो. पंधराशे फूट म्हणजे १४० चौरस मीटर. म्हणजे सक्तीचा नियम शहरातल्या बहुतेक घरांच्या डोक्यावरून निघून जातो, जसा मेमधला ढग निघून जातो. पुण्यातल्या बारा मजली सोसायटीला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला नियम यवतमाळच्या पाटीलभाऊच्या रो-हाऊसला कसा लागायचा?

तामिळनाडूने २००३ मध्ये लहानमोठा असा भेद न करता सगळ्याच इमारतींना ही सक्ती केली. तसंच इथेही करावं, असं सुचवण्याचा मोह होतो. मी तो आवरतो, आणि त्याची दोन कारणं आहेत. एक तर त्याच तामिळनाडूतल्या चेन्नईत २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव कोरडे पडले आणि रेल्वेने पाणी आणावं लागलं. घरोघरचे खड्डे गाळाने बुजले आहेत की नाहीत हे दर पावसाळ्याआधी बघणार कोण? दुसरं, आमचा दगड. पश्चिम विदर्भाच्या बऱ्याच भागात काळ्या मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. मुरूम पाणी घेतो. अखंड पाषाण घेत नाही, जिथे भेगा असतील तिथेच घेतो. म्हणून एका घराचा बोअर दोनशे फुटांवर भरभरून लागतो आणि शेजारच्याचा चारशे फुटांवर धूळ काढतो. हजार फुटांच्या गच्चीवर आपल्या नऊशे मिलिमीटर पावसात वर्षाला ऐंशी हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं, पाच माणसांच्या घराला तीन-साडेतीन महिने पुरेल इतकं. पण ते साठवायला गच्चीवरची काळी टाकी पुरत नाही आणि अंगणातल्या चार फुटी खड्ड्याखाली भेग असेलच असं नाही. घर हे माप चुकीचं आहे. अख्खं शहर हे मापही चुकीचंच, कारण तिथे पुन्हा निविदा आणि पाइपलाइन. बरोबर माप ले-आऊटचं आहे.

आणि इथे नियमावलीतच एक गोष्ट आपल्यासाठी ठेवलेली आहे. एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. यालाच सगळे ‘ओपन स्पेस’ म्हणतात. प्रत्यक्षात ही ओपन स्पेस कशी असते ते आम्ही सगळे जाणतो. ज्या कोपऱ्यात प्लॉटची रेघ सरळ बसत नाही तो तिकोनी तुकडा. नाल्याच्या बाजूची सखल जागा. जिथे पावसाळ्यात पाय रुततो ती. बिल्डर विकण्याजोगी जमीन मोकळी कशाला सोडेल? मग काही वर्षांनी त्या तुकड्यावर मुरूम टाकून तो उंच करतात, आमदार निधीतून सभामंडप येतो, कंपाउंड येतं, गट्टू येतात, आणि ज्या एका जागेला पाणी थांबवता आलं असतं ती जागा पाणी रस्त्यावर ढकलायला लागते.

आता थोडं अंकगणित. पाच एकरांचा ले-आऊट धरा, म्हणजे साधारण वीस हजार चौरस मीटर. तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, जुलैमधला एखादा जोराचा सपाटा असतो तसा. एकूण पाणी झालं एक हजार घनमीटर, दहा लाख लिटर. त्यातलं चाळीस टक्के मातीत मुरलं, इकडेतिकडे अडकलं असं समजू. उरलेलं सहाशे घनमीटर वाहायला लागेल. ओपन स्पेस दहा टक्के, म्हणजे दोन हजार चौरस मीटर. ती भोवतालच्या रस्त्यांपेक्षा फक्त एक फूट खाली ठेवली, म्हणजे तीस सेंटिमीटर, तर तिच्यात किती पाणी मावेल? सहाशे घनमीटर.

हा हिशेब मी दोन-तीनदा करून पाहिला, कारण तो इतका चपखल बसेल असं मला वाटलं नव्हतं. नवी जमीन नको, नवा नियम नको, धरण नको. नियमाने सोडायलाच लावलेली जागा एक फूट खाली, आणि तीही त्याच सखल कोपऱ्यात जो बिल्डर आपणहून देतो. आजवर आपण त्याला नावं ठेवली की याने मुलांना खेळायला डबकं दिलं. पाण्याच्या दृष्टीने तोच कोपरा सगळ्यांत बरोबर आहे. फक्त त्याला उंच करायचं नाही. तळाला मुरमापर्यंत एक चर, त्यात दगडगोटे, एका बाजूला लहानसं दार, ज्यातून उरलेलं पाणी दिवसभरात सावकाश नाल्यात उतरेल. वर्षातले दहा-बारा दिवस तिथे पाणी, बाकी दिवस क्रिकेट.

चीनने २०१५ पासून ‘स्पंज शहरां’चा मोठा कार्यक्रम हाती घेतला, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे. आणि घाटंजीच्या दिलासा संस्थेने याच जिल्ह्यातल्या ओढ्या-नाल्यांच्या पात्रात ‘दोह’ खोदून पाणी थांबवण्याचं काम केलं आहे. म्हणजे शिकायला शांघायला जायची गरज नाही, घाटंजीला एसटी जाते.

आक्षेप येतील, आणि यायलाच हवेत. पहिला डासांचा. डासाला अंड्यापासून उडायला आठवडा लागतो. पाणी एक-दोन दिवसांत उतरलं तर तिथे डास होत नाही. डास होतो तो बंद गटारात, कूलरच्या टाकीत आणि पाणी पंधरा दिवसांनी येतं म्हणून भरून ठेवलेल्या उघड्या ड्रममध्ये. शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडीस हा स्कॉटिश नगररचनाकार हिंदुस्थानातली गावं पायी हिंडत होता. १९१८ मध्ये त्याने इंदूरचा अहवाल लिहिला, पुढे मुंबई विद्यापीठात शिकवलं. डासांच्या भीतीने गावतळी बुजवायला निघालेल्या अधिकाऱ्यांशी तो भांडला. तळी साफ करा, मासे सोडा, बुजवू नका, असं त्याचं सांगणं. आपण बुजवली.

दुसरा आक्षेप २०२३ चा. तसा पाऊस आला तर एक फूट खोल ओपन स्पेस काय करणार? फार काही नाही. तो पाऊस पन्नास मिलिमीटरचा नव्हता, त्याच्या कितीतरी पट होता. पण अशा रात्री पहिलं पाणी कुठे थांबतं आणि नाला किती वेळाने भरतो, त्यावर बाई-माणसांना उठून लेकरं उचलायला वेळ मिळतो की नाही ते ठरतं. आणि दर पावसाळ्यातले दहा-बारा साधे सपाटे, ज्यांनी गुडघाभर पाणी होतं आणि ज्यांची बातमी कधी होत नाही, ते मात्र हा खड्डा पुरते गिळतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत अवघड वाटतो. नियमाने चालणाऱ्या ले-आऊटला तुम्ही आणखी एक काम लावाल, प्लॉट आणखी महाग होईल, आणि गरीब माणूस गुंठेवारीत जाईल, जिथे ओपन स्पेसच नाही. खरं आहे. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. अशी तारीख पुढे सरकत राहिली की नियम पाळणारा वेडा ठरतो. यावर माझ्याकडे एकच अर्धवट उत्तर आहे. खोदायला फार खर्च नाही. उलट पायवे आणि रस्ते भरायला बिल्डर बाहेरून मुरूम विकत आणतो, त्यासाठी कुठलीतरी टेकडी पोखरली जाते. ओपन स्पेस मुरमापर्यंत खोदली तर त्यातला थोडा तरी मुरूम तिथेच मिळतो. गुंठेवारीत मात्र ही जागा लोकांनी एकेक हात देऊन तयार करावी अशी अपेक्षा करणं भोळेपणाचं आहे. तिथे सरकारला जमीन द्यावी लागेल, आणि वऱ्हाडात गावोगावची ई-क्लास जमीन म्हणजे गुरचरण अजून कुठे कुठे शिल्लक आहे. ती कार्यालयांना वाटून टाकण्याआधी एकदा तिचा उतार पाहावा.

सामायिक जागेचा प्रश्न इथे नवा नाही. याच जिल्ह्यात १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदच्या राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. गवतासारखी सामायिक गोष्ट कुणाची, हा प्रश्न घेऊन माणसं तुरुंगात गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज आपल्याच ले-आऊटची ओपन स्पेस कुणाच्या नावावर आहे हे सातबारावर बघायला जात नाहीत.

रस्त्याबद्दल थोडक्यात. सिमेंटचा रस्ता दर खेपेला जुन्यावरच चढतो. आधी रस्ता घराच्या जोत्याखाली असतो, मग बरोबरीला येतो, मग वर. पंधरा वर्षांत तेच घर खड्ड्यात जातं जे बांधताना तीन फूट उंच जोत्यावर होतं, आणि मालक पायरीला वीट लावून पाणी अडवत बसतो. जुना थर उकरून मगच नवा घालायचा, एवढं एक वाक्य निविदेत घातलं तर किती घरं वाचतील.

उताराचा विषय निघाला की शकुंतला या जुन्या रेल्वेची मला सारखी आठवण येते. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची नॅरोगेज लाइन किलिक निक्सनच्या कंपनीने कापूस वाहायला टाकली. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं. आता गाडीही बंद आहे. तो इंग्रजांचा कारभार होता आणि कापूस लुटून नेण्यासाठी होता, त्याचं गुणगान करायचं कारण नाही. पण छोट्या इंजिनाला चढ झेपत नसे, म्हणून ज्याने ती लाइन आखली त्याला जमिनीचा उतार पावलापावलाने वाचावा लागला. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज येते आहे. वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. गाडी पोचायच्या आधीच स्टेशनच्या नावाने प्लॉटच्या जाहिराती पोचतील. रेल्वेचा अभियंता आजही उतार मोजतो. त्याच्या शेजारच्या वावरात रेघा मारणाऱ्याला तो मोजावा लागत नाही.

त्याच कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे, जमिनीच्या पोटात उतरत गेलेलं. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, आणि खालच्या कुंडातलं पाणी ठरावीक वर्षांनी वाढून देवाच्या पायांना लागतं अशी श्रद्धा आहे. मला त्यात भूजल मोजायची एक जुनी पट्टी दिसते. पाणी कुठवर आलं हे पाहायला लोक पिढ्यानपिढ्या तिथे पायऱ्या उतरत आले आहेत. शहरात आपण पाणी आहे की नाही हे बघायला मोटारीचं बटण दाबतो.

गेल्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या गृहस्थासोबत प्लॉट बघायला गेलो होतो. शहरापासून सहा-सात किलोमीटर, नवीन कमान, दोन्ही बाजूंना अशोकाची कोवळी झाडं, बुडाशी आळं नाही. प्लॉट दाखवणारा मुलगा चांगला होता, हुशार, शेतकऱ्याच्याच घरचा. गृहस्थाने विचारलं एनए म्हणजे बिगरशेती झालं का, टीपी म्हणजे नगररचनेची मंजुरी आहे का, बँक लोन देते का. तिन्हींची उत्तरं होकारार्थी. पाण्याचं विचारल्यावर तो म्हणाला, “बोअर मारा ना काका, दोनशे फुटावर पानी लागते. अन् आता तर बेंबळ्याचंही येऊन राहिलं.” मी म्हटलं, “येणारं नाही, जाणारं पाणी. ते कुठून जाते?”

तो थांबला. मग खरंच आठवून त्याने हाताने दाखवलं. वावराच्या मधोमध एक उथळ घळ होती, फूट-दीड फुटाची, उन्हाळ्यातही तिच्यात हरळी हिरवी होती. त्याच्या बाबांनी तिथे कधी पराटी लावली नाही, तीळ लावायचे की काहीच नाही, असं तो सांगत होता. नकाशा उघडून पाहिला. घळीवर एकेचाळीस आणि बेचाळीस नंबरचे प्लॉट होते. ओपन स्पेस दुसऱ्या टोकाला, उंचावर, कमानीजवळ, देवळासाठी.

“त्या दोन प्लॉटचा रेट थोडा कमी ठेवला आहे काका,” तो म्हणाला. “दोन्ही बुक झाले.”